निसर्गाचा सातबारा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

पनवेलच्या कुणाही जुन्या रहिवाशाशी निसर्गाबद्दल बोलायला बसलात, तर दहा मिनिटांच्या आत 'पूर्वी' हा शब्द येतोच. पूर्वी गाढी नदीचं पाणी ओंजळीनं प्यावं असं होतं. पूर्वी खाडीत टाकलेलं जाळं रिकामं येत नसे. पूर्वी सात जूनला पाऊस हजर म्हणजे हजर. बोलणारा मनापासून बोलत असतो आणि त्याच्या आवाजातली हळहळही खरी असते. पण हेच वाक्य एखाद्या प्रकल्पाच्या जनसुनावणीत उच्चारून पाहा. समोरून शांतपणे प्रश्न येतो, "पूर्वी म्हणजे केव्हा? किती होते? कुणी मोजले?" आणि सभागृह गप्प होतं. मी या भागात बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलं. अशा सुनावण्यांना मागच्या रांगेत बसून ही शांतता मी ऐकली आहे.

जमिनीच्या बाबतीत आपण किती जागरूक असतो! गुंठाभर जागेचा प्रश्न असला तरी सातबारा काढतो, फेरफार तपासतो, वारसनोंद झाली की नाही ते पाहतो. नोंद नसेल तर हक्क सिद्ध करताना नाकी नऊ येतात, हे पनवेल परिसरातल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. मात्र त्याच जमिनीवर कोणते पक्षी येत होते, ओढ्याला कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असे, भरतीच्या पाण्यात कोणती मासळी चढत असे, याची नोंद कुठल्या दप्तरात आहे? आज मला बोलायचं आहे ते या दप्तराबद्दल. शास्त्रज्ञ त्याला 'दीर्घकालीन परिसंस्था संशोधन' असं भारदस्त नाव देतात. त्याचा साधा अर्थ असा : एकच जागा निवडायची, एकाच पद्धतीनं मोजायची आणि वर्षानुवर्षं मोजत राहायचं.

आठवणीवर भागत नाही, याला कारण आहे. 'सात जूनचा पाऊस' हेच उदाहरण घ्या. ती तारीख आपल्या मनात मृग नक्षत्रामुळे ठसली आहे. हवामान खात्यानं दीर्घ काळाच्या नोंदींवरून मुंबईसाठी मोसमी पावसाच्या आगमनाची जी सरासरी तारीख ठरवली होती, ती होती १० जून, आणि २०२० मध्ये ती ११ जून करण्यात आली. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला, तेव्हा ही घटना किती वेगळी आहे हे आपल्याला ठामपणे सांगता आलं, कारण आधीच्या वर्षांच्या तारखा लिहिलेल्या होत्या.

आठवणीचा दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. डॅनियल पॉली नावाच्या मत्स्यशास्त्रज्ञानं १९९५ मध्ये तो मांडला. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी जे पाहते तेच 'नेहमीचं' धरून चालते. आजोबांच्या दृष्टीनं जी खाडी निम्मी मेलेली असते, ती नातवाच्या दृष्टीनं भरलेली असते. नातू म्हातारा होतो तेव्हा तोही 'पूर्वी' म्हणून हळहळतो, पण त्याचं 'पूर्वी' आजोबांच्या 'पूर्वी'पेक्षा कितीतरी गरीब असतं. अशा रीतीनं पायरीपायरीनं ऱ्हास होतो आणि कुठल्याच पिढीला पूर्ण जिना दिसत नाही.

आता कुणी म्हणेल, शास्त्रज्ञ अभ्यास करतातच की! करतात. पण प्रश्नाप्रश्नांत फरक असतो. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. १९३० साली सालिम अली नोकरीविना होते आणि अलिबागजवळ किहीमला राहत होते. तिथं त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचं बारकाईनं निरीक्षण केलं. नर अर्धवट घरटं विणतो, मादी ते पसंत करून त्यात घर थाटते, मग नर शेजारी दुसरं घरटं विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो, हे त्यांनी दाखवून दिलं. काही महिन्यांच्या चिकाटीनं एक कोडं सुटलं. सुगरणीचा संसार कसा चालतो, या प्रश्नाला एक हंगाम पुरला. पण किहीमच्या सुगरणी पन्नास वर्षांत वाढल्या की घटल्या, या प्रश्नाला पन्नास वर्षंच लागतात. तिथं हुशारीनं वेळ वाचवता येत नाही.

जगात ही गोष्ट फार थोड्या लोकांनी वेळेवर ओळखली. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड इथं १८४३ साली जॉन लॉज यांनी गव्हाच्या एका शेतात प्रयोग सुरू केला. कोणत्या पट्ट्याला कोणतं खत घालायचं हे ठरवलं, उत्पन्न मोजलं आणि धान्याचे, मातीचे नमुने बाटल्यांत भरून ठेवले. तो प्रयोग आजही चालू आहे. प्रश्न होता खतांचा. परंतु पुढच्या शास्त्रज्ञांनी त्या जुन्या बाटल्या उघडून प्रदूषणाचा इतिहास वाचला. त्यातल्या काही प्रदूषकांची नावंही १८४३ मध्ये कुणाला ठाऊक नव्हती. बाटली भरणाऱ्याला कळत नसतं की ती कोणत्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे.

अमेरिकेत हबर्ड ब्रूक नावाचं एक जंगल आहे. १९६३ पासून तिथं पावसाचं पाणी आणि ओढ्यांचं पाणी नियमानं तपासलं जाऊ लागलं. शोधायचं होतं ते जंगलातल्या क्षारांचं चक्र. सापडला तो आम्लाचा पाऊस. कारखान्यांच्या धुरातला गंधक दूरवर जाऊन पावसातून उतरत होता. पण एका वर्षी आम्ल कमी, दुसऱ्या वर्षी जास्त, असं वरखाली होतच राहायचं. त्यातून खरा कल कोणता हे खात्रीनं म्हणायला जवळजवळ दोन दशकांच्या नोंदी लागल्या. अमेरिकेनं १९९० साली हवेच्या प्रदूषणाचा कायदा कडक केला, त्यामागे अशा नोंदींचं बळ होतं.

हवाई बेटांवर मौना लोआ इथं चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत तो ३१५च्या आसपास होता. आता ४२०च्या वर गेला आहे. साऱ्या जगाच्या तापमानवाढीच्या चर्चेचा पाया असलेली ही मोजणी १९६४ मध्ये काही काळ बंद पडली होती. कारण काय? पैसे संपले! मोठमोठ्या नोंदींचा जीव असा एका अनुदानावर टांगलेला असतो. हे लक्षात आल्यावर अमेरिकेनं १९८० मध्ये सहा ठिकाणं निवडून दीर्घकालीन संशोधनाचं स्वतंत्र जाळं उभारलं आणि १९९३ मध्ये अनेक देशांचं मिळून एक आंतरराष्ट्रीय जाळं तयार झालं. जंगलं, गवताळ रानं, तळी, वाळवंटं, प्रवाळ, अगदी ध्रुवाजवळची बर्फाळ जमीनसुद्धा त्यात येते.

श्रोतेहो, हे सगळं परदेशात, असं म्हणून सोडून देऊ नका. या चिकाटीचा एक उत्तम नमुना आपल्या दारात आहे. नवीन पनवेलमध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. तिच्या दप्तरात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या ज्या नोंदी आहेत, त्यांची सुरुवात १८४१ साली मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. त्या विजेमुळे नाजूक उपकरणांच्या नोंदी बिघडल्या असत्या. मग वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी काय केलं? १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारली. पण कुलाब्याला लगेच कुलूप लावलं नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवली, म्हणजे जुना आकडा आणि नवा आकडा यांचा सांधा जुळावा. नोंदीची वारसनोंद म्हणतात ती अशी.

त्याचं फळ केव्हा मिळालं? २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरच्या उद्रेकामुळे पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आलं होतं. कुलाब्याच्या कर्मचाऱ्यांनी त्या दिवशीही नेहमीप्रमाणे आकडे हातानं लिहून ठेवले. १४४ वर्षांनी, म्हणजे २००३ मध्ये, त्याच आकड्यांवरून त्या वादळाची तीव्रता किती होती याचा अंदाज शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. आज उपग्रह आणि वीजवाहिन्या यांच्या सुरक्षिततेचा विचार करणारे जगभरचे तज्ज्ञ तो संदर्भ घेतात. आकडे लिहिणाऱ्या त्या माणसाला उपग्रह म्हणजे काय हे माहीत असायचं कारण नव्हतं. त्यानं आपलं रोजचं काम केलं, एवढंच.

चुंबकीय क्षेत्र ही काही परिसंस्था नव्हे, हे खरं. पण शिस्त तीच लागते. सजीव सृष्टीच्या बाबतीतही आपल्या देशात अशी कामं झाली आहेत. तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या रामन सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ५० हेक्टरांचा एक तुकडा आखला. त्यातल्या एक सेंटिमीटरपेक्षा जाड अशा प्रत्येक झाडाला क्रमांक दिला. सुमारे २६ हजार झाडं भरली. त्यातलं कोणतं जगलं, कोणतं वणव्यात गेलं, कोणतं हत्तींनी मोडलं, याची नोंद होत राहिली. घाणेरीची झुडपं त्या जंगलात कशी पसरत गेली, हेही त्यामुळे आकड्यांत सांगता आलं. केंद्र सरकारनंही २०१५ मध्ये हिमालयापासून अंदमान-निकोबारपर्यंत अशा दीर्घकालीन निरीक्षणांचा कार्यक्रम जाहीर केला. त्यात पश्चिम घाटही आहे.

नोंद असली तर काय होऊ शकतं, याचं मला सर्वांत हलवून सोडणारं उदाहरण गिधाडांचं आहे. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी १९८०च्या दशकात गिधाडांची घरटी मोजली होती. त्या वेळी गिधाडं इतकी होती की ती मोजण्यात काय अर्थ, असं कुणालाही वाटलं असतं. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांच्या साडेतीनशेच्या आसपास जोड्या तिथं घरटी करत होत्या. १९९६ मध्ये त्यांनी पुन्हा मोजलं, तेव्हा दीडशेच्या आसपास उरल्या होत्या, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत वीस-पंचवीस. पहिला आकडा वहीत होता म्हणून दुसरा आकडा पाहून धक्का बसला. मग शोध सुरू झाला. गुराढोरांना देण्यात येणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. २००६ मध्ये भारतात ते जनावरांसाठी वापरायला बंदी आली. तोवर देशातली ही जात शेकडा नव्व्याण्णवहून जास्त नष्ट झाली होती. उशीर झालाच, पण १९८०च्या दशकातली ती मोजणी नसती तर आणखी किती उशीर झाला असता?

आता आपल्या पनवेलकडे वळू. गेल्या काही वर्षांत इतक्या वेगानं बदललेले तालुके महाराष्ट्रात थोडे असतील. ११६० हेक्टरांवर विमानतळ उभा राहिला. त्यासाठी उलवे टेकडी कापली गेली, उलवे नदीचं पात्र वळवलं गेलं, खाडीकाठची सखल जमीन भराव घालून उंच केली गेली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. विमानतळ हवा की नको हा वाद मी इथं घालत नाही. माझं म्हणणं एवढंच की, एवढा मोठा बदल होत असताना त्याच्या आजूबाजूच्या खाडीचं, टेकड्यांचं, पाखरांचं काय होतं हे पुढची तीस वर्षं पाहणारे डोळे आणि लिहिणारे हात हवेत. प्रकल्पांच्या निमित्तानं पाहण्या होतात. पण प्रकल्पाची मुदत संपली की पाहणीही बहुधा संपते, आणि परिणामांची मुदत तर तेव्हा कुठे सुरू झालेली असते.

याच तालुक्यात कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य आहे. १९६८ मध्ये ते जाहीर झालं तेव्हा जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरचं होतं. २००३ मध्ये ते वाढवून सुमारे १२ चौरस किलोमीटर करण्यात आलं. गोव्याला जाणारा महामार्ग त्याच्या अंगावरून जातो. तिथल्या पक्ष्यांच्या याद्या अनेकांनी केल्या आहेत आणि त्या मोलाच्या आहेत. मात्र यादी वेगळी आणि मोजणी वेगळी. यादीत नाव आलं की ते राहतं. शंभर पक्षी असोत की शेवटचा एक असो, यादीत नाव तेच.

कर्नाळ्याला पावसाच्या तोंडावर एक चिमुकला पाहुणा येतो, तिबोटी खंड्या. जेमतेम चिमणीएवढा, पण निळा, पिवळा, नारिंगी, जांभळा असे सगळे रंग अंगावर. आपल्या रायगडचा जिल्हापक्षी म्हणून त्याचीच निवड झाली आहे. ओढ्याच्या दरडीत बीळ करून तो पिल्लं वाढवतो, त्यांना पाली, बेडूक, खेकडे आणून भरवतो आणि पावसाळा सरला की दिसेनासा होतो. आता गंमत पाहा, आणि ती करुण आहे. प्रकल्पांचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे सांगणारे जे अहवाल तयार होतात, त्यांतल्या बऱ्याच अहवालांसाठी पावसाळा वगळून एका ऋतूची निरीक्षणं पुरेशी मानली जातात. हिवाळ्यात ओढा पाहून गेलेला माणूस 'तिबोटी खंड्या आढळला नाही' असं प्रामाणिकपणे लिहील. त्याचं वाक्य खरं असेल आणि ओढ्याविषयीचं सत्य मात्र त्यातून निसटलेलं असेल.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. 'तुम्ही तीस वर्षं मोजत बसा, तोवर मोजायला काही उरणार नाही.' माझं उत्तर असं की, मोजणी ही थांबण्यासाठीची सबब कधीच होता कामा नये. कांदळवन तुटताना दिसत असेल तर ते आजच वाचवलं पाहिजे. त्यासाठी आलेख काढायची गरज नाही. पण उद्या त्याच कांदळवनाच्या जागी नवी रोपं लावून कुणी 'भरपाई झाली' असं म्हणाला, तर खरोखर झाली का हे तपासायला आधीची नोंद लागेल. कृती आणि नोंद ही एका बैलगाडीची दोन चाकं आहेत.

दुसरा आक्षेप : हे शास्त्रज्ञांचं काम, आमचं नव्हे. तसं मुळीच नाही. २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल आला, तो सुमारे ३० हजार हौशी पक्षिनिरीक्षकांनी नोंदवलेल्या तीन कोटी निरीक्षणांवर उभा आहे. त्यात गृहिणी होत्या, विद्यार्थी होते, निवृत्त कर्मचारी होते. ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळचा कल सांगता आला, त्यांतल्या ६० टक्के जाती घटल्याचं त्यात दिसलं. बाकीच्या शेकडो जातींचा असा कल सांगता आला नाही, कारण पुरेशा जुन्या नोंदी नव्हत्या. हे वाक्य मला त्या ६० टक्क्यांइतकंच अस्वस्थ करतं.

मग पनवेलकरांनी काय करावं? फार अवघड काही नाही. एक जागा ठरवा. वडाळे तलावाचा काठ चालेल, गाढीचा एखादा पूल चालेल, खाडीचा बांध चालेल, शाळेच्या आवारातलं बहाव्याचं झाड चालेल. मोजायची वेळ आणि पद्धत ठरवा आणि ती बदलू नका. उत्साहाच्या भरात एका वर्षी दोन तास आणि पुढच्या वर्षी दहा मिनिटं, असं झालं तर आकडे एकमेकांशी बोलत नाहीत. काही दिसलं नाही तर 'शून्य' लिहा. शून्य हीसुद्धा नोंद आहे, आणि कधीकधी तीच सर्वांत महत्त्वाची ठरते. तिबोटीची पहिली हाक कोणत्या तारखेला ऐकू आली, बहावा कधी फुलला, बाजारात कोळणींच्या पाटीत खाडीची कोणती मासळी आली, हे साध्या वहीत लिहिता येतं. ठाकूर आणि कातकरी वाड्यांमधल्या वडीलधाऱ्यांना ओढ्यांची आणि रानाची जी माहिती आहे, ती त्यांच्या परवानगीनं, त्यांच्या नावानिशी, तारखेसह उतरवून घ्या. त्यांच्या आठवणीला जागा आणि काळ जोडला गेला की तीही नोंद होते.

आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची गोष्ट : वहीला वारस नेमा. या कामात बक्षीस नाही, छायाचित्र छापून येत नाही, पहिली दहा वर्षं तर काही निष्कर्षही निघत नाही. एकट्या माणसाचा उत्साह आटतो, बदली होते, आजारपण येतं. म्हणून एका वहीला निदान दोन माणसं हवीत, त्यातलं एक विशीतलं असावं. एक प्रत शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी, जिथं ती कुणा एकाच्या मालकीची राहणार नाही. शिक्षक निवृत्त होतात, पण इयत्ता आठवी दर जूनला नव्यानं भरते. तीस वर्षांची मोजणी करायला याहून चांगली व्यवस्था मला तरी ठाऊक नाही.

येत्या मृगाच्या आधी पनवेल परिसरातल्या दहा शाळांनी अशी एकेक वही घातली, तर आजच्या आठवीतली मुलं पन्नाशीला येतील तेव्हा कुठल्याशा सभागृहात पुन्हा तोच प्रश्न विचारला जाईल, "पूर्वी म्हणजे केव्हा? किती होते? कुणी मोजले?" त्या वेळी त्यांच्यापैकी कुणीतरी उठून वही पुढे करावी आणि म्हणावं, "आम्ही मोजले. हे घ्या."